विमान आपोआप उडते, मग वैमानिक का थकतो?

२०२५ च्या डिसेंबर महिन्याच्या सुरुवातीला देशातल्या अनेक विमानतळांवर प्रवासी ताटकळत बसले होते. एका मोठ्या विमान कंपनीची रोज शेकडो उड्डाणे रद्द होत होती. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे आणि विश्रांतीचे नवे, अधिक कडक नियम त्या वर्षी जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले होते. त्या नियमांत बसवून वेळापत्रक चालवायला कंपनीकडचे वैमानिक पुरेनात. शेवटी काही सवलती तात्पुरत्या द्याव्या लागल्या.

त्या दिवसांत एक प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडी होता. आजकालचे विमान तर ऑटोपायलटवर चालते. वैमानिक आरामशीर खुर्चीत बसून असतो. ना ओझी वाहायची, ना घाम गाळायचा. मग त्याला एवढी विश्रांती हवी कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा जीवशास्त्रात अधिक सापडते.

सतरा तासांची रात्र

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री एअर इंडियाचे बोइंग ७७७ जातीचे विमान अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे बंगळूरला उतरले. वाटेत कुठेही न थांबता सुमारे १७ तास ते हवेत होते. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील या विमानाच्या सर्व वैमानिक स्त्रिया होत्या आणि विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आले होते. त्यामुळे त्याची मोठी बातमी झाली.

ध्रुवावरून का, याचे उत्तर शाळेतल्या पृथ्वीगोलावर मिळते. दोऱ्याचे एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरा, दुसरे बंगळूरवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या सपाट नकाशात पॅसिफिक किंवा अटलांटिक महासागर ओलांडणारी वाट सरळ वाटते, पण गोलावर ताणलेला दोरा थेट ध्रुवाकडे जातो. जवळची वाट तीच.

आपल्या दृष्टीने त्या बातमीतली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या विमानात चार वैमानिक होत्या. कॉकपिटमध्ये विमान चालवण्यासाठी जागा दोनच असतात आणि कामही दोघांचेच असते. मग चार कशासाठी? विमानात न थांबता १७ तास चालण्याची क्षमता असते, माणसात नसते, यासाठी. दोघी काम करतात तेव्हा उरलेल्या दोघी प्रवाशांच्या दृष्टीआड असलेल्या छोट्या खोलीत, अरुंद बिछान्यावर झोपण्याचा प्रयत्न करतात. ठरलेल्या वेळी पाळी बदलते.

आता ऑटोपायलट नेमके काय करतो ते पाहू. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान त्याच्या हवाली केले जाते. तो सांगितलेली उंची, दिशा आणि वेग बिनचूक राखतो. पण काय सांगायचे, हे माणसाने ठरवायचे असते. इंधन अंदाजाप्रमाणेच खर्च होते आहे ना? पुढे वादळी ढग आहेत, तर कोणत्या बाजूने वळसा घ्यावा? आत्ता एक इंजिन बंद पडले किंवा एखादा प्रवासी अत्यवस्थ झाला, तर उतरायचे कुठे, आणि तिथले हवामान या क्षणी कसे आहे? ध्रुवाजवळ बाहेरची हवा इतकी थंड असते, की टाकीतले इंधन गोठणबिंदूच्या जवळ तर चालले नाही ना, यावरही लक्ष ठेवावे लागते. चुंबकीय होकायंत्रही तिथे भरवशाचे राहत नाही.

दोघांपैकी एकाकडे विमान चालवण्याची जबाबदारी असते. दुसरा त्याच्यावर, यंत्रांवर आणि रेडिओवर लक्ष ठेवतो. पहिला जे करील ते दुसऱ्याने तपासायचे. सगळे सुरळीत असेल तर तासन्‌तास काहीच घडत नाही. तरी पाहत मात्र राहावे लागते. कठीण आहे ते इथेच.

काही न घडण्याचे ओझे

वार्षिक परीक्षेच्या वर्गावर तीन तास पर्यवेक्षण केलेल्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिकवण्याचे सलग तीन तास एक वेळ परवडतात, पण नुसते लक्ष ठेवण्याचे तीन तास अंगावर येतात. असे का व्हावे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाला हाच प्रश्न पडला होता. शत्रूच्या पाणबुड्या शोधण्यासाठी रडारच्या पडद्याकडे पाहत बसलेल्या प्रशिक्षित माणसांच्या नजरेतून ठळक खुणाही निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधे उपकरण बनवले. एका कोऱ्या तबकडीवर एक काटा ठरावीक अंतराने टिक टिक पुढे सरके. क्वचित कधीतरी तो नेहमीच्या दुप्पट उडी घेई. पाहणाऱ्याने ती उडी दिसताच कळ दाबायची, एवढेच काम. बैठक दोन तासांची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून अधिक उड्या निसटू लागल्या. डोळे उघडे होते, काट्यावरच होते, पण लक्ष उरले नव्हते.

आपला मेंदू बदल टिपण्यासाठी घडलेला आहे. एकसुरी दृश्याकडे तो फार वेळ सावधपणे पाहू शकत नाही. चार्ल्स लिंडबर्ग याने १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, साडेतेहतीस तासांत पार केले. आदल्या रात्री त्याला झोप मिळालेली नव्हती. पण त्याचे विमान इतके अस्थिर होते, की जरा डुलकी लागली की ते मार्ग सोडून कलायचे आणि तो दचकून जागा व्हायचा. विमानाचा दोषच त्याच्या कामी आला. आजच्या विमानात हा दोष नाही. वैमानिकाला डुलकी लागली तरी ते शांतपणे, सरळ रेषेत पुढे जात राहते.

शरीरातले घड्याळ

कंटाळ्यावर उत्साहाने मात करता येईल, पण दुसरा शत्रू अधिक चिवट आहे. तो शरीरातच बसलेला आहे.

१९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातील एका खोल गुहेत घड्याळ न घेता उतरला. तिथे दिवस-रात्र कळायला काहीही साधन नव्हते. भूक लागली की खायचे, झोप आली की झोपायचे. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट! मनाचा हिशेब साफ चुकला होता. पण त्याच्या झोपण्या-उठण्याच्या नोंदी तपासल्या, तर शरीराचे चक्र जवळजवळ २४ तासांचेच, किंचित जास्त निघाले. बाहेरून कोणी वेळ सांगत नसतानाही शरीर वेळ मोजत होते.

हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या छेदनबिंदूच्या जरा वर असते. सुमारे २०,००० चेतापेशींचे ते दोन इवलेसे पुंजके आहेत. पेशींच्या आत काही जनुके प्रथिने तयार करतात. ती साठली की त्याच जनुकांना थांबवतात. मग प्रथिने नष्ट होतात आणि जनुके पुन्हा कामाला लागतात. या चक्राला जवळपास एक दिवस लागतो. या यंत्रणेचा उलगडा फळमाशीवर करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घड्याळ शरीराचे तापमान, संप्रेरके, पचन आणि जागरूकता यांच्यात दिवसभर चढउतार घडवते. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि सावधपणाही नीचांकाला असतो. दुपारी जेवणानंतर एक छोटा उतार येतो. पाचव्या-सहाव्या तासाला पेंगणारा वर्ग आठवा! विमान वाहतुकीचे नियम ठरवताना पहाटे दोन ते सहा हा काळ सर्वांत धोक्याचा मानला जातो, तो यामुळेच.

घड्याळ रोज जुळवले जाते ते मुख्यतः प्रकाशाने. अचानक दूरच्या देशात गेलो तर ते लगेच जुळत नाही. ढोबळ हिशेबाने एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. माणसाचे घड्याळ स्वभावतः २४ तासांपेक्षा किंचित लांब असल्याने दिवस लांबवणे सोपे, आखडता घेणे अवघड. म्हणून बहुतेकांना पश्चिमेकडचा प्रवास पूर्वेकडच्या प्रवासापेक्षा सोसतो.

आता त्या चार वैमानिकांकडे परत जाऊ. सॅन फ्रान्सिस्को आणि भारत यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. भारतीय वैमानिक तिथे पोचल्या की त्यांच्या शरीराची रात्र तिथल्या दिवसा सुरू होते. दोन-तीन दिवस विश्रांती मिळते खरी, पण तेवढ्यात घड्याळ ना धड इथले राहते, ना धड तिथले. परतीला तर जानेवारीतल्या ध्रुवीय अंधारातून वाट होती. रात्री निघून पहाटे उतरायचे आणि मधला बहुतेक सारा प्रवासही काळोखातलाच. घड्याळ जुळवणारा सूर्यच नाही.

झोपेचे देणे

घड्याळाच्या जोडीला दुसरी यंत्रणा काम करते. जागे झाल्यापासून मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि झोपेचा दाब वाढत जातो. झोपल्यावर तो उतरतो. चहा-कॉफीतले कॅफिन ॲडेनोसिनचा निरोप पोचू देत नाही. पण देणे फिटत नाही, फक्त सावकाराला दाराबाहेर थांबवले जाते. कॅफिनचा असर ओसरला की तो आत येतोच.

हे देणे किती महाग पडते? ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी काही माणसांना दीर्घकाळ जागे ठेवून हात आणि डोळे यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. दुसऱ्या वेळी त्याच माणसांना ठरावीक मात्रेत मद्य देऊन तीच चाचणी घेतली. सलग १७ तास जागे राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असताना होते तितकी खालावली. २४ तास जागरणानंतर ती ०.१० टक्क्याइतकी झाली. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य घेतलेल्या वैमानिकाला कोणी कॉकपिटमध्ये पाऊलही ठेवू देणार नाही, आणि त्याची तपासणी यंत्राने करता येते. जागरण मोजणारे असे यंत्र विमानतळाच्या दारात नाही.

विमानातली हवाही या थकव्यात भर घालते. ११ किलोमीटर उंचीवर बाहेर तापमान उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही कमी. आत दाब वाढवलेला असतो, पण समुद्रसपाटीइतका नाही. विमानाच्या प्रकारानुसार तो १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवतात. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे वैमानिक १७ तास कळसूबाईहून उंच जागी, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत बसलेला असतो.

सर्वांत कठीण काम सर्वांत शेवटी

या साऱ्यात अन्यायाची गोष्ट अशी, की सर्वांत नाजूक काम थकवा शिगेला पोचला असताना करायचे असते. ते काम म्हणजे उतरणे.

७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास टोरोंटोहून आलेले एअर कॅनडाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होते. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांनी उरलेल्या धावपट्टीला बंद धावपट्टी समजून तिच्या शेजारच्या, विमाने जमिनीवरून नेण्याच्या रस्त्यालाच धावपट्टी मानले. त्या रस्त्यावर चार विमाने उड्डाणाच्या प्रतीक्षेत उभी होती. जमीन जेमतेम ६० फूट उरली असताना उतरणारे विमान पुन्हा वर चढू लागले. अनर्थ थोडक्यात टळला. अमेरिकेच्या चौकशीत दिसले, की कॅप्टन १९ तासांहून अधिक काळ जागा होता. त्यांच्या घरच्या वेळेप्रमाणे तेव्हा पहाटेचे जवळपास तीन वाजले होते.

दुसरी घटना आपल्याकडची, आणि तिच्यात अनर्थ टळला नाही. २२ मे २०१० च्या सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. हा प्रवास लांबचा नव्हता, पण वेळ रात्रीची होती. चौकशी अहवालानुसार कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेले होते. गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटे आपल्याला काय चालले आहे ते धड उमगत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. या झोपेच्या अमलाने निर्णयशक्ती मंदावली असावी, असे चौकशीत म्हटले गेले. विमान फार उंचीवरून येत होते. सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्याची सूचना तीन वेळा केली. ती मानली गेली नाही.

हे वाचून एका माणसाला दोष देणे सोपे आहे. पण झोप हा चारित्र्याचा दोष नव्हे. तो शरीराचा धर्म आहे. तेव्हा प्रश्न विचारायचा तो असा, की माणूस थकणारच हे गृहीत धरून व्यवस्था कशी उभारावी?

थकवा गृहीत धरणारी व्यवस्था

पहिला उपाय म्हणजे झोपेला चोरी न मानता तिला वेळापत्रकात जागा देणे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने पॅसिफिक महासागरावरच्या लांब उड्डाणांत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तेव्हा कॉकपिटमध्ये तिघे असत. काही चमूंत प्रत्येकाला आळीपाळीने खुर्चीतच ४० मिनिटे विश्रांती दिली, काहींत दिली नाही. विश्रांती मिळालेले सरासरी २६ मिनिटे झोपले. एवढ्याशा झोपेने विमान उतरण्याच्या टप्प्यात फरक पडला. विश्रांती न मिळालेल्यांना त्या टप्प्यातही काही सेकंदांच्या नकळत डुलक्या येत होत्या. झोपलेल्यांची प्रतिसादाची गती टिकून होती. यानंतर अनेक देशांनी ठरवून घेतलेल्या अशा छोट्या झोपेला नियमांत स्थान दिले. प्रयोग ज्या देशात झाला त्या अमेरिकेच्या नियामकांनी मात्र दोघांच्या कॉकपिटसाठी ती मान्य केली नाही! झोप थोडकी हवी आणि उठल्यावर सावरायला वेळ हवा, ही अट मात्र सगळीकडे आहे. मंगळूरची घटना या अटीचे कारण सांगते.

दुसरा उपाय दोघांतल्या नात्याचा. पूर्वी कॅप्टनचा शब्द अखेरचा असे आणि कनिष्ठाने बोलणे उद्धटपणाचे ठरे. १९७७ मध्ये तेनेरीफ बेटावर दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. त्यानंतर हा विचार बदलू लागला. आता कनिष्ठाने स्पष्ट बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे याचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते. आपल्या वर्गात एखादी मुलगी ‘बाई, फळ्यावरच्या गणितात चूक आहे’ असे निर्धास्तपणे म्हणू शकते का? कॉकपिटमधल्या संस्कृतीचा पाया तिथेच घातला जात असतो.

तिसरा उपाय नियमांचा. भारताच्या नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आहे. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते सकाळी सहा अशी एका तासाने वाढवली आहे आणि रात्री उतरण्याच्या संख्येवर अधिक कडक मर्यादा घातली आहे. आता पहाटेच्या त्या नीचांकाकडे पुन्हा पाहा. हे आकडे कुणाच्या सोयीने ठरलेले नाहीत, शरीरातल्या घड्याळाने ठरवले आहेत. उड्डाण रद्द झाले की प्रवाशांची गैरसोय लगेच दिसते. थकव्यामुळे घटणारी सुरक्षितता दिसत नाही, म्हणून ती मोजून नियमात लिहावी लागते.

वर्गात करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी पुरेशी आहे. मित्राने ती वरच्या टोकाला उभी धरावी. खाली शून्याच्या खुणेपाशी, न टेकवता, तुमची दोन बोटे उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. किती सेंटिमीटर निसटली ते वाचा. अंतर म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग भागिले दोन, या सूत्रावरून वेळ निघते. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, तर ३० म्हणजे ०.२५ सेकंद. दर वेळी दहा वाचने घेऊन सरासरी काढा. सकाळी उठल्याबरोबर, शाळेत अकरा वाजता, दुपारी तीन वाजता आणि रात्री झोपण्यापूर्वी असे आठवडाभर करा. आलेख काढा. प्रत्येकाचा आलेख थोडा वेगळा येईल. कोणी सकाळचा पक्षी असतो, कोणी रात्रीचा. आदल्या रात्री किती तास झोप झाली होती, तीही नोंद शेजारी ठेवा.

मग एक गणित घाला. उतरताना मोठ्या विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. ०.२० सेकंदात ते १४ मीटर पुढे जाते. नकळत तीन सेकंदांची डुलकी लागली, तर २१६ मीटर.

हाच आलेख परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही ठेवता येईल. वैमानिकाला कायद्याने झोप मिळते. आपल्या मुलांना ती कोणी द्यायची, हे शिक्षक आणि पालक मिळून ठरवू शकतात.